शत्रू घरात शिरल्यावर

रोग आणि शरीर ह्यांच्या झगड्याला आपण लढाई म्हणतो, आणि लढाई म्हटली की वेशीबाहेर तळ देऊन बसलेले शत्रूचे सैन्य डोळ्यांपुढे उभे राहते. क्षयाच्या जंतूला हे चित्र मुळीच लागू पडत नाही. तो वेशीबाहेर थांबत नाही. तो थेट पहारेकऱ्याच्या खोलीत जाऊन बिऱ्हाड थाटतो. ही गोष्ट मला समजली ती माझ्या धाकट्या भावाच्या दुखण्यामुळे आणि त्याच्या मुलीमुळे. ती बेळगावी कॉलेजात जीवशास्त्र शिकते, आणि समजावून सांगण्याची हातोटी तिला उपजतच आहे.

रॉबर्ट कोख ह्या जर्मन वैद्याने 24 मार्च 1882 रोजी बर्लिन येथे हा जंतू शोधल्याचे जाहीर केले. खोकणाऱ्या रोग्याच्या तोंडून उडालेल्या अतिसूक्ष्म तुषारांवर बसून तो दुसऱ्याच्या फुप्फुसात उतरतो. तेथे भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. परका जंतू दिसताच त्या त्याला गिळतात, आपल्या पोटातील एका पिशवीत कोंडतात, आणि त्या पिशवीला आम्लाने व पाचकरसांनी भरलेली दुसरी पिशवी येऊन मिळते. बहुतेक जंतूंचा तेथेच निकाल लागतो. क्षयाचा जंतू मात्र ह्या दोन पिशव्यांची भेटच होऊ देत नाही! लंडनमधील फिलिप डार्सी हार्ट आणि त्यांचे सहकारी ह्यांनी 1971 मध्ये हे दाखवून दिले. (हे हार्टसाहेब पुढे 106 वर्षे जगून 2006 साली वारले. ज्या रोगाने असंख्य तरुण नेले, त्याचा अभ्यास करणाऱ्याला एवढे आयुष्य लाभावे, ह्याचे मला कौतुक वाटते.)

आता त्या बिचाऱ्या पेशीची अवस्था पाहा. पोटात शत्रू, घरातील अन्नावर त्याचा डल्ला, भिंतींना भोके. अशा वेळी पेशी स्वस्थ बसत नाही. उपासमार झाली किंवा आतील काही मोडले, की ती आपल्याच घरातील अडगळ गोळा करून एका वेष्टनात गुंडाळते आणि पचवून टाकते. ह्याला शास्त्रज्ञ आत्मभक्षण म्हणतात. ह्या क्रियेची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी ह्यांना 2016 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, 2004 मध्ये, प्रयोगशाळेत असे दिसून आले होते की, क्षयजंतूने ग्रासलेल्या भक्षक पेशींना उपाशी ठेवले, तर त्या अडगळीबरोबर जंतूलाही गुंडाळून पचवू लागतात. संकटात पडलेली पेशीच जंतूला भारी पडू शकते, म्हणून जंतूही ही झाडलोट बंद पाडण्याच्या खटपटीत असतो.

येथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाववत नाही. उपास केल्याने क्षय बरा होतो, असा अर्थ कोणीही काढू नये. उपाशी ठेवली होती ती काचपात्रातील पेशी, माणूस नव्हे. माणसाची उपासमार क्षयाला आमंत्रणच देते. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना जादा शिधा देऊन पाहिला, तेव्हा त्या घरांत नव्याने होणारा क्षय 39 टक्क्यांनी घटला. 2023 साली हे प्रसिद्ध झाले. आमच्या वहिनीने प्रायश्चित्तकाळातही भावाच्या ताटातले अंडे चुकू दिले नाही, ते योग्यच केले.

झाडलोट साधली नाही, तर पेशीपुढे शेवटचा उपाय उरतो तो मरणाचा. परंतु मरण्याचेही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात पेशी आवराआवर करून मरते. तिचे तुकडे जंतूसह बांधलेले राहतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून विल्हेवाट लावतात. दुसऱ्या प्रकारात ती फुटते, आणि आतील जंतू चहूकडे पसरतात. जंतूला हवा असतो तो दुसरा प्रकार. म्हणून तो पहिल्या मरणाला अडवून धरतो आणि पेशीला दुसऱ्याकडे ढकलतो. खरा झगडा असा आहे: पेशी मरणार की जगणार ह्यापेक्षा, ती कशी मरणार, ह्याचा.

अनेक पेशी मिळून जंतूभोवती कडे करतात आणि त्याची गाठ बनते. आत प्राणवायू तुटपुंजा. ह्या कोंडीत जंतूही आपले वागणे बदलतो. तो वाढणे थांबवून निजल्यासारखा पडून राहतो. वाढत्या जंतूला मारणारी औषधे ह्या निजलेल्याला सहज लागत नाहीत, आणि उपचार लांबतो तो ह्यामुळेच.

भावाला पहिले दोन महिने चार औषधे होती, नंतरचे चार महिने तीन. गोळ्यांनी लघवी तांबूस झाली तेव्हा तो घाबरला, पण तो औषधाचाच रंग. दुसऱ्या महिन्याअखेर खोकला गेला, ताप गेला, वजन वाढले, आणि तो मला म्हणाला, “दादा, मी बरा झालो. आता ह्या गोळ्या कशाला? कामही खोळंबले आहे.” तो सुतारकाम करतो, रोज मिळवावे तेव्हा चूल पेटते. त्याच्या बोलण्यात हट्ट नव्हता, हिशेब होता. मुलीने रंध्याखालची एक ढलपी उचलली, तिच्यावर पेन्सिलीने ती गाठ काढली आणि मधोमध एक ठिपका दिला. “बाबा, जागे होते ते मेले. हा निजलाय. ह्याच्यासाठी चार महिने.” भावाने ढलपी खिशात ठेवली. औषध त्याने पुरते केले. शेवटच्या थुंकीच्या तपासणीत जंतू आढळला नाही.

अलीकडे संशोधक निराळ्या वाटेनेही जात आहेत. जंतूला मारणाऱ्या औषधाच्या जोडीला पेशीचीच झाडलोट वाढवील, तिला फुटू न देता नीट मरू देईल, असे काही देता येईल काय, ह्याच्या चाचण्या चालू आहेत. पुतणीला पुढे ह्याच विषयात शिकायचे आहे. त्यासाठी पुण्याला जावे लागेल की हैदराबादला, ह्याची चौकशी सध्या तिचे वडीलच करीत आहेत.