शून्य रुपयांचें तिकीट

एस्. टी. च्या कंडक्टराविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत जे दोन समज रूढ आहेत, ते दोन्ही त्याच्यावर सारखाच अन्याय करणारे आहेत. एक असा कीं तो तुसडाच असावयाचा; आणि दुसरा, तो हंसतमुख निघालाच तर ती केवळ स्वभावाची देणगी, हा. पहिल्या समजांत सुट्या पैशांच्या साऱ्या तंट्यांचें खापर त्याच्या एकट्याच्या माथीं फुटतें. दुसऱ्यांत त्याच्या कष्टाचें श्रेय ब्रह्मदेवास मिळतें. पहिल्याची भलावण करण्यास पुष्कळ लोक आहेत. आम्हांस आज बोलावयाचें आहे तें दुसऱ्याविषयीं. आणि त्यास निमित्त चिपळुणाहून कऱ्हाडास जातांना भेटलेला एक कंडक्टर होय.

१९४८ च्या जूनच्या पहिल्या तारखेस पुण्याहून नगरास या सेवेची पहिली गाडी सुटली. तेव्हांपासून कंडक्टराचीं आयुधें बरींच पालटलीं. तिकिटांच्या गड्ड्या व चिमट्याची टकटक जाऊन आतां पोटाशीं धरलेलें एक यंत्र आलें आहे. घंटेची भाषा मात्र जुनीच: एक टोला थांबण्याचा, दोन निघण्याचे. सवलतींचे नियमही वाढले. २६ ऑगस्ट २०२२ पासून वयाचीं ७५ वर्षें ओलांडलेल्यांचा प्रवास विनामूल्य झाला, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें भाडें. विनामूल्य असला तरी त्या प्रवासासही तिकीट असतें. त्यावर किंमत शून्य छापलेली असते, इतकेंच.

आमच्या गाडींत त्या दिवशीं बायकांची व म्हाताऱ्यांची दाटी होती. "मावशी, तिकीट अर्धं, पण बसा मात्र पूर्ण," असें म्हणत कंडक्टर वाट काढीत होता. अलोऱ्यास एक वृद्ध शेतकरी चढला व त्यानें आपलें ओळखपत्र पुढें केलें. इतक्यांत इस्त्रीच्या कपड्यांतील एक तरुण गृहस्थ, कोणासही न उद्देशून, पण सर्वांस ऐकूं जाईल असें बोलला : "निम्मी गाडी फुकट, निम्मी अर्ध्यांत. पुरे पैसे मोजणारे आम्हीच काय ते मूर्ख!"

म्हाताऱ्यानें तें ऐकलें. ओळखपत्र मागें घेऊन त्यानें खिशांतून शंभराची चौघडी घातलेली नोट काढली. "पाटणचं पुरं तिकीट फाड," तो म्हणाला. त्याचा हात कांपत होता. तो वयानें कांपत होता असें आम्हांस वाटलें नाहीं. गाडी एकदम गप्प झाली.

कंडक्टरानें नोटेकडे पाहिलें, मग ओळखपत्र मागून घेऊन डोळ्यांजवळ धरलें. "बाबा, पुरं तिकीट फाडायचं तर वय खालीं आणावं लागेल. इथं सरकारनं एक्याऐंशी लिहिलंय. मीं खोडाखोड केली तर नोकरी जाईल कीं माझी!"

सारे हंसले, म्हाताराही हंसला. तेवढ्या गलबल्यांत कंडक्टर खालीं वांकून त्यास जें बोलला, तें शेजारीं बसल्यामुळें आम्हांस ऐकूं आलें : "साठ वर्षं पुऱ्या पैशानं हिंडलात ना? तेंच परत मिळतंय." मग शून्याचें तिकीट त्यानें दोन्ही हातांनीं दिलें, आणि त्या तरुणास सहज म्हणाला, "दादा, बाबांची पिशवी तेवढी पायाशीं घ्या. घाटांत घरंगळेल." तरुणानें ती घेतली, आणि पाटणपर्यंत धरून ठेवली.

त्यानें त्या तरुणास चार शब्द सुनावले असते तर आम्ही मनांतून टाळ्या पिटल्या असत्या. पण मग पुढले दोन तास त्या गाडींत दोन पक्ष बसले असते, आणि म्हातारा आपल्यावरून झालेल्या भांडणाचें ओझें घेऊन उतरला असता. ऐन चढणीवर, एका हातानें दांडा धरून, एवढा हिशेब ज्यास क्षणांत साधतो, त्याच्या विनोदास स्वभाव म्हणून मोकळें होणें आम्हांस पटत नाहीं.

कोयनानगरास गाडी थांबली तेव्हां तो मागच्या पायरीवर बसून पैसे जुळवीत होता. त्या चेहऱ्यावर हंसें नव्हतें. होता केवळ शीण. आम्हीं विचारलें, "नेहमी असेच आनंदी असतां का हो?"

"आनंदी कुठला, साहेब? तेरा वर्षं हाच घाट आहे. चिडून चढला काय नि बोलत चढला काय, वळणं तेवढींच." एवढें बोलून त्यानें मोडलेली मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

पाटणास म्हातारा उतरला. उतरण्यापूर्वीं त्यानें तें तिकीट घडी घालून नोटेच्याच खिशांत ठेवलें. कऱ्हाडास आम्ही सामान घेऊन खालीं आलों तों कंडक्टर हिशेबाच्या खिडकीशीं उभा होता, आणि त्याच गाडीवर चिपळुणाची पाटी लागत होती.