तीन निळ्या, चार पिवळ्या

'फ्रीलान्सर' या शब्दातला फक्त 'फ्री' एवढाच भाग घरच्यांना ऐकू येतो. बँकेत जायचंय? ही फ्री आहे. कुरिअरवाला येणार आहे? ही आहेच की घरी! त्यामुळे दादा-वहिनी दोघंही आयटीवाले आणि भाचीची शाळा साडेअकराला सुटणारी म्हटल्यावर मंगळवार, बुधवार आणि गुरुवारच्या दुपारी आत्याच्या खात्यावर जमा झाल्या, यात नवल ते काय?

तक्रार नाही हं! साडेचार वर्षांच्या बाईंची कंपनी कुठल्याही प्रेस कॉन्फरन्सपेक्षा इंटरेस्टिंग असते. पण मध्यंतरी शाळेतून एक शेरा आला. 'पॅटर्न्समध्ये वीक.' सोबत पुरावा म्हणून वर्कशीट. लाल गोल, पिवळा गोल, लाल गोल, पिवळा गोल आणि पुढे रिकामा गोल. भाचीबाईंनी तो मस्तपैकी जांभळा रंगवला होता. का? तर जांभळा छान दिसतो म्हणून.

मला हसू आलं. वहिनीला नाही आलं. रात्री अकरा वाजता ती मोबाइलवर 'प्रीस्कूल मॅथ्स क्लास' शोधत बसली होती. दिवसभर आपण घरी नसतो म्हणून हे असं होतंय, हे तिचं लॉजिक. आता साडेचाराव्या वर्षी कसलं वीक आणि कसलं स्ट्राँग! पण ऑफिसातून दमून आलेल्या आईला हे कोण सांगणार? मी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून घोटीव कागदाचं पाकीट आणि एक ग्लू स्टिक घेऊन आले. क्लासच्या फीपेक्षा फारच स्वस्त.

काय करायचं ते ठरलेलं होतं. गणपतीत आपण सगळ्यांनी केलेली कागदी साखळी. साधारण दोन सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब पट्ट्या कापायच्या. एका पट्टीची टोकं जोडून कडी करायची, दुसरी त्यात ओवून चिकटवायची. बास. पण या साखळीत एक गंमत आहे, जी वर्कशीटमध्ये नाही. गोल रंगवायला दोन सेकंद लागतात. कडी चिकटवायला अर्धा मिनिट लागतो. चिमुकल्या बोटांनी टोक दाबून धरायचं, पाचपर्यंत मोजायचं, सुटलं की पुन्हा दाबायचं. त्या अर्ध्या मिनिटात डोळे साखळीवरच असतात. पुढची कडी कुठली, हा विचार करायला वेळ मिळतो. आणि चुकली तर? कात्रीने कट. लाल पेनाची फुली नाही की काही नाही.

लाल-पिवळी, लाल-पिवळी तिला दहा मिनिटांत जमलं. (वीक म्हणे!) खरी मजा लाल-लाल-पिवळीला आली. दोन तुकडे मी केले, पुढे तिने लावली लाल, मग लगेच पिवळी. म्हणजे 'एक हा, एक तो' एवढंच तिला कळलं होतं. इथेच मोठ्यांची गडबड होते. आपण विचारतो, 'पुढे काय येईल?' परत परत येणारा तुकडा कोणता, हे कुणी विचारतच नाही. आणि पॅटर्नचा सगळा फंडा त्या तुकड्यात आहे. बालभारतीच्या पुस्तकात याला 'आकृतिबंध' असा भारदस्त शब्द आहे. आम्ही त्याला 'डबा' म्हटलं. प्रत्येक लाल-लाल-पिवळीनंतर कपड्यांचा एक चिमटा लावला. हा एक डबा, हा दुसरा डबा, झाली लोकल तयार! मग तोच डबा हातांनी वाजवला. टाळी, टाळी, मांडी. टाळी, टाळी, मांडी. रंग गेले, कागद गेला, तरी डबा तोच, हे लक्षात आल्यावर ती जी काही खिदळली! त्यानंतर घरात एक वस्तू सुटली नाही. आजीच्या साडीचा काठ, बाथरूमच्या टाइल्स, खालच्या फुटपाथवरचे ब्लॉक, सगळीकडे डबे.

हे काही फॅड नव्हे. अमेरिकेत बेथनी रिटल-जॉन्सन आणि सहकाऱ्यांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. कमी उत्पन्न गटातल्या मुलांचं गणित त्यांनी वयाच्या चौथ्यापासून अकराव्या वर्षापर्यंत पाहिलं. लहानपणीची पॅटर्नची समज आणि पुढचं गणित यांचा संबंध त्यात दिसला. आणि कागद तर त्याहून कितीतरी जुना! किंडरगार्टन ज्याने सुरू केलं, त्या जर्मनीतल्या फ्रोबेलच्या पद्धतीत कागदाच्या घड्या होत्या, पट्ट्यांची चटई विणणंही होतं. तेच घड्यांचं खेळणं बघून टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासमधून कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक काढलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्या आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवरच चालवल्या. मग आपल्यालाच महागडी किट्स का लागतात, देव जाणे.

चटई आम्हीही करून पाहिली. वर-खाली, वर-खाली आणि पुढच्या ओळीत उलटं. तिला अजून ते झेपत नाही. दोन ओळींनंतर तिने चटईची टोपी केली. पंखा मात्र फर्स्टक्लास जमतो.

मग एका गुरुवारी मी म्हटलं, आज तीन रंगांचा डबा करू या. बाई म्हणाल्या, ''नको आत्तू, आईची साखळी करू या.''

आईची म्हणजे?

''आई ऑफिसला गेली की निळी. घरी असली की पिवळी.''

वहिनीचं ऑफिस हिंजवडीला. मंगळवार ते गुरुवार जावं लागतं, सोमवारी आणि शुक्रवारी वर्क फ्रॉम होम, मग वीकएण्ड. म्हणजे तीन निळ्या, चार पिवळ्या. सात कड्यांचा डबा या वयाला एरवी जड. पण हा डबा ती रोज जगत होती ना! रोज रात्री झोपण्याआधी एक कडी, आणि उद्याची पट्टी फ्रिजवर मॅग्नेटखाली तयार. ''आई, उद्या तू निळी,'' असं ती जाहीर करायची. वहिनीला आधी ऐकवायचं नाही. नंतर तीच विचारायला लागली, ''उद्या मी कोण गं?''

चौथ्या आठवड्यात वहिनीचं रिलीज आलं. शुक्रवारी सकाळी आठला तिचा मला फोन, ''येशील का गं आज?'' मी पोचले तेव्हा भाचीबाई फ्रिजसमोर उभ्या. मॅग्नेटखाली पिवळी पट्टी.

''आत्तू, आईचं चुकलं.''

रात्री वहिनी आली तेव्हा दहा वाजले होते, आणि बाई जाग्या होत्या. वहिनीने निळी पट्टी पुढे केली. ती नको. पिवळी? तीही नको. तिने पाकिटातून लाल काढली आणि स्वतःच चिकटवली. कुणी काही बोललं नाही. वहिनी बराच वेळ हात धूत होती.

साखळी थांबली नाही, हे विशेष. आता ती हॉलच्या खिडकीवरून पार बाल्कनीच्या दारापर्यंत गेली आहे आणि तिच्यात तीन लाल कड्या आहेत. गेल्या रविवारी भाचीबाईंनी विचारलं, ''लाल कधी येते?''

''ते माझ्या मॅनेजरला विचारावं लागेल,'' वहिनी म्हणाली. पण मग लॅपटॉप मिटून ती खाली फरशीवर बसली आणि मोजायला लागली. लाल ते लाल अठ्ठावीस. पुन्हा अठ्ठावीस. पुढची लाल कुठे पडणार, तिथे भाचीबाईंनी बोट ठेवलं. हवेतच, कारण तेवढी साखळी अजून झालेली नाही.

वहिनीने त्या शुक्रवारची रजा टाकली आहे. मंजूर झाल्याचा मेल अजून आलेला नाही.