जिंकलेला वाद

वकिलाला हरलेले खटले छळतात, असा लोकांचा समज असतो. माझा अनुभव निराळा आहे. मला आजही अस्वस्थ करतो तो मी जिंकलेला एक वाद. आणि तो न्यायालयात नव्हे, तर आमच्या गावच्या देवस्थानच्या चौकात झाला होता.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. महाजनांच्या सभेत एका तरुण महाजनाने सूचना मांडली, की अग्रशाळेच्या छपरावर सूर्याच्या उष्णतेने पाणी तापविणारी यंत्रे बसवावीत आणि ते पाणी महाप्रसादाच्या रांधपाला वापरावे. मी विरोधात उठलो. अन्नाला अग्नीचा संस्कार हवा, परंपरेने चालत आलेली चूल विझविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, असे विचारले. वर नियमावलीतील एका कलमाचे बोट धरून, बांधकामातील फेरफाराला स्वतंत्र मंजुरी लागते, हेही दाखवून दिले. सूचना फेटाळली गेली. वडीलधाऱ्यांनी पाठ थोपटली आणि मी सुखावलो.

त्याच वर्षी जत्रेच्या दिवशी काही कामानिमित्त मी रांधपघरात डोकावलो. धुराने समोरचा माणूस दिसत नव्हता. आमचे वृद्ध रांधपी पहाटे तीनपासून ओल्या लाकडांशी झगडत होते; डोळे लाल, पाणी वाहते आहे. मी काही विचारण्यापूर्वीच ते हसून म्हणाले, "वकीलबाब, धुंवराची म्हाका संवय जाल्या." दोन वर्षांनी खोकल्याने त्यांनी काम सोडले. जन्मात विडीला न शिवलेल्या त्या माणसाची फुप्फुसे धूम्रपान करणाऱ्यासारखी झाली आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. परंपरेची बाजू मी मांडली होती खरी. पण तिची किंमत दुसराच माणूस भरीत होता.

पुढे जुन्या कायदेविषयक ग्रंथांच्या शोधात असताना विल्यम अॅडम्स या गृहस्थाची हकिकत वाचनात आली. मुंबई उच्च न्यायालयाचा हा डेप्युटी रजिस्ट्रार. १८७८ साली त्याने उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता कशी वापरता येईल, यावर मुंबईत पुस्तक छापले. आरसे लावलेल्या त्याच्या पेटीत सात शिपायांचे जेवण, तेही जानेवारीतल्या थंडीत, दोन तासांत शिजत असे. कुलाब्याला त्याने आरशांच्या तेजावर वाफेचा पंपही चालवून दाखविला होता. कचेरीतले कागद सांभाळून एक परका माणूस आमच्या उन्हाचे मोल जाणत होता, आणि त्याच उन्हात वाढलेला मी कलमे काढून त्याला दाराबाहेर ठेवीत होतो!

माझा भाचा अभियांत्रिकी महाविद्यालयात हाच विषय शिकवितो. सुटीत आला असता त्याला माझी शंका सांगितली. तो म्हणाला, "मामा, तुमचा वाद 'चूल की सूर्य' असा होता, तिथेच चूक झाली. पाणी कुठून कुठे न्यायचे, ते आधी पाहा." त्याने कागदावर हिशेब मांडला. शंभर लिटर पाणी २७ अंशांवरून उकळीला आणायला ७,३०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात सुमारे ४,००० किलोकॅलरी असतात. पण उघड्या चुलीवर त्यातला जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो, बाकीचा वाऱ्यावर आणि भिंतींवर जातो. म्हणजे शंभर लिटरमागे अठरा किलो लाकूड. सूर्याने तेच पाणी नुसते ६५ अंशांपर्यंत आणून दिले, तर निम्म्याहून अधिक चढण पार होते. उरलेली चढण चुलीने चढावी. अन्न शिजविणारा शेवटचा अग्नी तोच राहील.

शिर्डीच्या प्रसादालयाला २००९ साली ७३ आरशांच्या तबकड्यांची जोड मिळाली आणि उन्हाच्या वाफेवर अन्न शिजू लागले, हे मी ऐकून होतो. तशाच इथे का नकोत, असे विचारले. तो म्हणाला, "त्या तबकड्यांना स्वच्छ, थेट ऊन लागते. आपल्या कोकणपट्टीत चार महिने ढग. सपाट यंत्र ढगाआडचा प्रकाशही थोडाफार टिपते. तरी भर पावसाळ्यात लाकूड लागणारच. तेव्हा चूल मोडू नका, तिला धुराडे मात्र बांधा." देशकाल पाहून सांगितलेले हे शास्त्र मला पटले.

गेल्या वर्षी ती सूचना मीच सभेपुढे ठेवली. एका वडील महाजनांनी हसत विचारले, "वकीलसाहेब, अग्नीच्या संस्काराचे काय झाले?" मी म्हणालो, "त्या वेळी मी चुकलो होतो. अग्निहोत्री सायंकाळची आहुती अग्नीला देतो आणि सकाळची सूर्याला. पूर्वजांनी ज्यांना एका व्रतात बसविले, त्यांत मी भांडण लावले." मग रांधप्यांच्या फुप्फुसांविषयी सांगितले. सभा स्तब्ध झाली. सूचना एकमताने मंजूर झाली; यावेळी मात्र कोणी माझी पाठ थोपटली नाही, आणि ते योग्यच होते.

आता देवाचा नैवेद्य पूर्वीसारखाच चुलीवर होतो. महाप्रसादाचे पाणी मात्र आधी छपरावर तापून येते, आणि नवा रांधपी पहाटे तीनऐवजी पाचला उठतो. यंदाच्या जत्रेला जुने रांधपी नातवाचा हात धरून आले होते. दोन पायऱ्या चढताना त्यांना तीनदा थांबावे लागले. नळाखाली त्यांनी हात धरला, क्षणभर तसाच ठेवला आणि म्हणाले, "उदक ऊन आसा."

मी मान डोलावली. बारा वर्षांपूर्वी हे पाणी मीच अडविले होते, हे त्यांना ठाऊक होते की नाही, ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.