ठोका कुणाचा?

माझा आजा गावची हलगी वाजवायचा. लग्न असो, जत्रा असो, मढं असो. हाक आली की निघायचं. ठोका आज्याचा, हुकूम गावाचा. 1956 साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्म दिला नि आज्यानं हलगी खुंटीला टांगली. गावानं किराणा तोडला, दळण तोडलं. हलगी खाली आली नाही.

औंदा जयंतीत डीजे लावायचा का, यावर पोराचं नि माझं वाजलं. मी म्हणालो, "भोंग्यानं समाज जमत नाही, बहिरा होतो." पोरानं फोनवर ऑर्बिटल लावलं. "बाबा, हे ऐका."

इंग्लंडचे दोघे भाऊ, फिल आणि पॉल हार्टनॉल. गाण्यात शब्द जवळजवळ नाहीतच; यंत्र आणि ठोका. लंडनभोवती फिरणाऱ्या एम-25 रस्त्यावरून नाव घेतलेलं. तेव्हा रात्री पोरं त्याच रस्त्यानं नाचाची जागा हुडकत फिरायची. 'चाइम' हे पहिलं गाणं घरात, बापाच्या कॅसेट डेकवर केलेलं. 1990 साली टीव्हीवर आले ते पोल टॅक्सच्या निषेधाचे शर्ट घालून. 1994 ला ग्लास्टनबरीच्या शेतावर वाजवलं. डोक्याला दिव्यांचे चष्मे. अंधारात चेहरा दिसत नाही, दिवे तेवढे दिसतात. गर्दीचा अंदाज घेऊन गाणं जागेवरच लांबवायचं, मोडायचं. पुढारी कुणी नाही.

त्याच साली तिथल्या सरकारनं कायदा केला. रात्री उघड्यावर, परवान्याविना शंभर माणसं मोठ्या आवाजात नाचली आणि आजूबाजूला त्रास झाला, तर पोलीस हाकलणार. कायद्यात संगीताची व्याख्याही घातली: एकामागून एक येणारे तेच ते ठोके! 2003 साली शंभराचे वीस केले. या भावांनी 1994 सालीच जबाब दिला. 'आर वुई हिअर?' या गाण्याची एक आवृत्ती काढली, तिच्यात काहीच नाही. नुसती शांतता.

मी फोन खाली ठेवला. मला आज्याची खुंटी दिसली.

मित्रांनो, त्या पोरांना कुणी गावकुसाबाहेर टाकलं नव्हतं. त्यांचं दुःख आपलं नाही. पण एक कळलं. सत्तेला ठोक्याचं भ्या नसतं. हुकमाशिवाय ठोक्याभोवती माणसं जमतात, त्याचं भ्या असतं. आणि ज्याला ठोका बंद करता येतो, ठोका त्याचाच.

पोराला म्हणालो, "लाव डीजे. पण पैसा कुणाचा?"

पोरगा गप्प. मग म्हणाला, "नगरसेवक देतो म्हणालाय. गाडीवर त्याचा फोटो लावायचा."

"मग तू गावची हलगीच वाजवतोयस, लेका. फक्त वायर जोडलीय."

दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन आला. घरटी पन्नास रुपये. फोटो बाबासाहेबांचा, दुसरा कुणाचा नाही. पहिली पावती माझ्याच नावाची फाडली.