लाल तेलाचा डाग

पेडण्याला आमच्या घराशेजारी पत्र्याची शेड आहे. तिथे बाबांची गाडी उभी असते. गेल्या वर्षी चवथीला तीन आठवडे असताना त्या गाडीखाली मला ओला डाग दिसला. आमच्याकडची मातीच लाल, त्यामुळे तोवर कोणाचे लक्ष गेले नव्हते. बोट लावून पाहिले तर तेल.

बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. सहा वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. बाकी सगळे सावरले, डावा पाय तेवढा मागे राहिला. क्लच दाबणे जमेना. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला डाव्या पायाचे कामच नाही. तेव्हापासून बाजार, देऊळ, वाचनालय, मित्रांकडचा चहा, सगळे त्यांचे ते करतात.

वर्कशॉपमध्ये दाखवल्यावर सांगितले गेले, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. एवढी जुनी गाडी, पूर्ण गिअरबॉक्सच बदला." आकडा सव्वा लाखाच्या घरात. गाडीची किंमतही तेवढी नसेल. मी बाबांना म्हटले, "विकून टाकू. कुठे जायचे असेल तर मी नेईन."

"तू पणजीहून रविवारी येतोस," बाबा म्हणाले. "मासळी रविवारपर्यंत थांबत नाही."

एवढे बोलून ते आत गेले. दोन दिवस आमच्यात कामापुरतेच बोलणे झाले.

तोडगा आईने काढला. तिने डिचोलीला मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेव. सकाळी मला फोटो पाठव."

पुठ्ठ्यावर लाल थेंब पडले होते, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्याच्या बरोबर खाली. मामांनी समजावले : तेल काळपट असते तर संशय इंजिनच्या मागच्या सीलवर गेला असता. लाल आहे, म्हणजे गिअरबॉक्सचे, आणि या जागी गळते म्हणजे बहुधा पुढचे सील. "गाडी घेऊन ये. पण दोरीने ओढत आणू नको. ऑटोमॅटिक गाडी चालती चाके रस्त्यावर ठेवून ओढली तर आत तेल न फिरल्यामुळे गिअरबॉक्स खराब होतो. वर चढवून आण."

मामांना हे कसे माहीत, असा प्रश्न मला पडला होता. त्यांनी आयुष्य डिचोलीच्या खाणींवर यंत्रे दुरुस्त करण्यात घालवले. खनिज भरणाऱ्या मोठ्या लोडरला टॉर्क कन्व्हर्टर असतो. आपल्या घरांत ऑटोमॅटिक गाड्या येण्याच्या कितीतरी आधी मामांचे हात त्या तेलाने लाल झालेले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. डिचोलीत अनेकांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, मामांनीही एक घेतला होता. तो विकावा लागला. ट्रकची शेड आणि तिच्यातली चेनपुली तेवढी राहिली. आता ते शेजाऱ्यांचे पाण्याचे पंप आणि स्कूटर दुरुस्त करतात.

शनिवारी सकाळी भर पावसात आम्ही त्या शेडमध्ये काम सुरू केले. बाबा खुर्ची घेऊन बसले.

ऑटोमॅटिक गाडीत पायाने दाबायचा क्लच नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये भोपळ्यासारखा, तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याची मान गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या तेलपंपात शिरते. मान सतत फिरते, पंपाचे घर स्थिर असते. त्या दोहोंमधून तेल बाहेर येऊ नये म्हणून तिथे रबरी ओठाची एक कडी असते. तेच पुढचे सील. आम्हाला ते साडेचारशे रुपयांना मिळाले. महाग आहे ते तिथपर्यंत पोचणे.

बॅटरीची तार काढली, गाडी उचलून भक्कम स्टँडवर ठेवली, तेल काढून डब्यात भरले. इंजिन वरून साखळीने तोलून धरले, कारण गिअरबॉक्स निघाला की त्याचा एक आधार जातो. चाकांकडे जाणारे दांडे आणि कन्व्हर्टरचे बोल्ट निघेपर्यंत संध्याकाळ झाली. गिअरबॉक्स खाली आला, मामांनी कन्व्हर्टर सरळ ओढून काढला आणि ते सील दिसले. कडक झालेले, ओठ झिजलेला.

मी नवे सील हातात घेऊन तयार होतो. मामा म्हणाले, "सवकास. ते का गळले ते आधी पाहू."

त्यांनी कन्व्हर्टरच्या मानेवरून नख फिरवले. चर पडलेला नव्हता. पंपातला बुश तपासला, तोही ठीक. मग ते गिअरबॉक्सच्या माथ्यावरच्या हवेच्या छोट्या नळीकडे वळले. ती लाल मातीने गच्च बुजली होती.

"तेल तापले की आतली हवा फुगते. तिला ही वाट. वाट बंद झाली की दाब वाढतो आणि जिथे कमजोर जागा असेल तिथून तेल बाहेर येते. नुसते सील बदलले असते, तर पुन्हा इथेच यावे लागले असते."

बाबा खुर्चीतून म्हणाले, "माणसाचेही तसेच." माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

रविवारी नळी साफ केली. नव्या सीलच्या ओठाला गिअरबॉक्सचेच तेल लावले आणि त्याच मापाच्या पाइपचा तुकडा वर धरून, लाकडी हातोडीने चारी बाजूंनी हलकेच ठोकत ते बसवले. मग कन्व्हर्टर. तो फिरवत आत ढकलायचा. एक खट्, दुसरा खट्. मला वाटले, बसला. मी बोल्ट उचलले.

मामांनी मला थांबवले आणि पट्टी लावली. काढण्यापूर्वी कन्व्हर्टर कडेपासून बावीस मिलिमीटर आत होता, ते त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते. आता भरला फक्त बारा. म्हणजे पंपाचे दाते अजून जुळले नव्हते. तसेच बोल्ट आवळले असते, तर पंप फुटला असता आणि सव्वा लाखाचा तो सल्ला खरा ठरला असता. त्यांनी माझे हात धरून कन्व्हर्टर हळूहळू फिरवला. तिसरा खट् आला. बावीस.

पुढच्या रविवारी गाडी पूर्ण जोडली. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे तेल भरले, इंजिन तापवून पातळी पाहिली. जुने तेल मामांनी नाल्यात टाकू दिले नाही. डबा बंद करून वापरलेले तेल घेणाऱ्याकडे दिला.

मी पैशांचे पाकीट पुढे केले. मामांनी हात मागे घेतला. "खाणी बंद पडल्यापासून या कामासाठी मला कोणी विचारले नव्हते," ते म्हणाले. "पैसे राहू दे. गाडी भावोजींना चालवू दे."

परत येताना गाडी बाबांनी चालवली. अस्नोड्यापर्यंत कोणीच बोलले नाही. मग मी म्हटले, "बाबा, विकायचे म्हणालो ते चुकले." त्यांनी मान हलवली आणि वायपर जरा जोरात लावला.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे सामान आणायला ते एकटे बाजारात गेले आणि शहाळी, सुपारीचे घोस, रानफळे घेऊन आले.

आता दर रविवारी मी पोचलो की बाबा गाडीखालचा पुठ्ठा काढून माझ्यासमोर धरतात, त्यांच्या शाळेतली मुले पाटी दाखवत तसा. मी नीट तपासतो. कोरा असतो.