समुद्राकाठच्या कड्यावरून सायकलची सोपी सहल

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी लग्नाआधी सायकलवरून शाळा-कॉलेजला गेल्या असतील. मग संसार आला, सायकल मुलांची झाली आणि आता ती जिन्याखाली धूळ खात उभी आहे. या हिवाळ्यात तिला बाहेर काढा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या गावांना समुद्र नाही, हे खरं. पण रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा आरे-वारेचा रस्ता अगदी समुद्राच्या अंगानं, उंच कड्यावरून जातो. चार-पाच जणींनी मिळून नीट आखणी केली तर ही सहल मुळीच अवघड नाही.

मात्र आखताना एक गोष्ट पक्की धरा. सहल सगळ्यांत हळू चालवणारीच्या बेताची हवी. ती दमून मागे पडली आणि ‘माझ्यामुळे तुमचा खोळंबा’ असं मनात घेऊन बसली, तर पुन्हा म्हणून सायकलला हात लावणार नाही. तेव्हा तिलाच पुढे ठेवा. बाकीच्यांनी तिच्या मागून जावं.

आधी घराजवळ सराव

चार रविवार पुरेत. पहिल्या रविवारी पहाटेच, रहदारी सुरू व्हायच्या आत, उल्हासनगरच्या मैत्रिणींनी अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत यावं. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारांच्या काळातलं मंदिर आपल्या दारात आहे आणि आपण मात्र पाहुणे आले की तेवढंच जातो! दुसऱ्या रविवारी अंबरनाथ ते बदलापूर, सात-आठ किलोमीटर, आणि उल्हास नदीचं दर्शन घेऊन परत. उरलेले दोन रविवार बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्यावर. १९७२ साली बांधलेल्या या धरणाकडे जाताना झाडी आहे, चढउतारही आहेत. कोकणातल्या रस्त्याची रंगीत तालीम इथेच होते.

सरावात सीटची उंची ठरवून टाका. पेडल खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात आणि आपल्याला उगीच वाटतं, ‘आता वय झालं!’

गोल पुरा करायचा हट्ट नको

नकाशा पाहिलात की मोह होईल, की जाताना समुद्राकाठानं जावं आणि येताना निवळीवरून महामार्गानं यावं, म्हणजे गोल पुरा झाला. हा मोह टाळा. किनाऱ्याचा रस्ता २५ किलोमीटरच्या आसपास आहे. निवळीवरून अंतर जवळजवळ दुप्पट होतं, शिवाय महामार्गावर ट्रकांची वर्दळ. त्यापेक्षा एक दिवस जा, गणपतीपुळ्याला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं परत या. चढ कुठे आहे, चहा कुठे मिळतो, हे येताना ठाऊक झालेलं असतं.

आणि गोल हवाच असेल तर तो गणपतीपुळ्याला पायी घाला. इथला गणपती स्वयंभू. टेकडीलाच देवाचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नव्हे, सबंध टेकडीला घालतात. ती साधारण एक किलोमीटरची आहे.

रस्ता कसा आहे?

रत्नागिरी सोडली की शिरगाव, साखरतर, काळबादेवी अशी गावं लागतात. मग आरे-वारेचा चढ. कोकणचा किनारा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट सडे आणि त्यांना कापत जाणाऱ्या खाड्या. रस्ता खाडीशी उतरतो आणि सड्यावर चढतो, हे धरूनच चाला. चढावर दम लागला तर खुशाल उतरा आणि सायकल हातात धरून चाला. त्यात कसला आलाय कमीपणा? खरं जपायचं ते उतारावर. दोन्ही ब्रेक हळूहळू, सोडून-सोडून दाबा. वळणावर वाळू पसरलेली असते, तिथे एकदम ब्रेक लावू नका. माथ्यावरून दोन्हीकडचे किनारे पाहायला थांबायचं ते रस्त्याच्या बाहेर, मोकळ्या जागेत. वळणावर किंवा कड्याच्या कडेशी नव्हे.

निघायचं उजाडताच. दिवस तापला की समुद्रावरून वारा सुटतो आणि गणपतीपुळ्याकडे जाताना तो तोंडावर येतो. दहाच्या आत पोहोचलात तर ऊनही चुकतं आणि वाराही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पावसाळ्यात या वाटेला नकोच.

आरे-वारे काय किंवा गणपतीपुळे काय, पाणी दिसतं शांत, पण ओढ जबर आहे. पाय भिजवा, पोहायला उतरू नका.

बरोबर काय घ्याल?

सायकली रेल्वेनं पार्सल म्हणून पाठवता येतात. पण आपण निवडलेल्या गाडीला सामानाचा डबा आहे का, हे पार्सल कार्यालयात आधी विचारा. सायकलला गोणपाट गुंडाळा आणि नाव-गाव लिहून चिठ्ठी बांधा. अंगात सलवार-कमीज असेल तर ओढणी खांद्यावरून घेऊन कमरेला घट्ट बांधा, चाकात अडकता कामा नये. पंक्चरचं सामान, हवेचा पंप, मीठ-साखर घातलेलं पाणी, गूळ-शेंगदाणे आणि दोन-दोन थालीपीठं. स्वच्छतागृहाची सोय वाटेत मिळेल तिथे सगळ्यांनी उरकून घ्या; लाजून पाणी कमी पिणं तब्येतीला महागात पडतं.

आणि घरचं काय?

जाऊन-येऊन तीन दिवस लागतील. घरी महिनाभर आधी सांगा. दूधवाला, गॅस, मुलांचे डबे, सासूबाईंची औषधं, सगळं एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. पण तीन दिवसांचा स्वयंपाक आदल्या रात्री करून ठेवू नका हं! तुम्ही घरूनच दमून निघालात तर पहिल्या चढालाच ते कळेल. भाताला कुकरच्या किती शिट्ट्या, हे यजमानांना एकदा दाखवून ठेवलं की पुष्कळ झालं.

मग बघताय काय? आज संध्याकाळी आधी चाकात हवा भरून घ्या.