साखळीला लागणारा वेळ : महाड-पोलादपूरच्या महाविद्यालयीन महिला कबड्डीचा अनुभव

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले असल्यामुळे त्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आधी विभागवार खेळवल्या जातात. विभागात यश मिळवणारे संघ आंतरविभागीय फेरीत उतरतात आणि निवडक खेळाडू विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोहोचतात. महाड आणि पोलादपूर या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांतील विद्यार्थिनींसाठी महिला कबड्डीची विभागीय अजिंक्यपद स्पर्धा ही गावाबाहेरच्या खेळविश्वात जाण्याची पहिली, आणि बहुतेकींसाठी एकमेव, वाट असते. अशा एका संघाची व्यवस्थापक म्हणून प्रस्तुत लेखिकेने जे पाहिले, त्यावरून असे म्हणावे लागते की या संघांचा निकाल सामन्याआधीच, सरावाच्या वेळेने, बराचसा ठरवून टाकलेला असतो.

हे समजण्यासाठी खेळाची घडण पाहावी लागते. महिलांचे मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते आणि प्रत्येक बाजूला ७ खेळाडू उतरतात. चढाई म्हणजे एका खेळाडूने ‘कबड्डी’चा उच्चार न तोडता प्रतिपक्षाच्या अंगणात शिरणे आणि गुण घेऊन ३० सेकंदांच्या आत परतणे, त्यासाठी लागणारा दम, पदलालित्य आणि चपळता एकटीला घरामागच्या खळ्यातही कमावता येते. पकडीचे तसे नाही. साखळी म्हणजे शेजारच्या दोघींनी एकमेकींचा हात धरून चढाई करणारीचा परतीचा मार्ग अडवणे. कोपरारक्षकाने घोटा धरला त्याच क्षणी साखळी पुढे आली नाही आणि चढाई करणारीने मध्यरेषेला हात लावला, तर तिला धरणाऱ्या सगळ्याच बाद होतात. हा मेळ सातही जणी रोज एकत्र खेळल्यावाचून बसत नाही.

लेखिकेने पाहिलेल्या सामन्यात नेमके हेच घडले. पूर्वार्धात आपल्या चढाईपटूंनी आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात मात्र प्रतिपक्षाच्या चढाया रोखताना एक हात लवकर सुटला, दुसरा उशिरा आला, आणि पाहता पाहता संपूर्ण संघ बाद होऊन लोण चढला, म्हणजे प्रतिपक्षाला २ गुण जादा मिळाले. त्या मुलींच्या धैर्यात तसूभरही उणीव नव्हती. एकत्र सरावाची संधीच त्यांना पुरेशी मिळाली नव्हती.

याचे कारण भूगोलात आणि घराच्या शिस्तीत आहे. उमरठ, कापडे, बिरवाडी, वरंध अशा परस्परांपासून दूरच्या गावांतून येणाऱ्या मुलींना तास संपताच एसटी गाठावी लागते, कारण गाडी चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत अंधार पडतो आणि उशिरा परतणाऱ्या मुलीचा खेळच बंद होतो. मुलांचा सराव संध्याकाळी गावच्या मंडळात होतो, मुलींना तो आधार क्वचितच लाभतो. त्यात पहिले सत्र पावसाळ्यात येते आणि मातीच्या मैदानाचा चिखल होतो, त्यामुळे छपराखालची मॅट मिळेल तेव्हाच काय तो सराव.

या खेळात महाराष्ट्राच्या मुलींनी काय साधले आहे, ते जगासमोर आहे. २०१२ मध्ये पाटण्याला झालेली पहिली महिला विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. डोंगराळ तालुक्यांतील मुलींमध्येही तशी गुणवत्ता नाही असे मानण्यास कोणताही आधार नाही. म्हणून महिला संघाचा सराव तास संपल्यानंतरच्या उरल्यासुरल्या वेळावर न सोडता महाविद्यालयाच्या वेळापत्रकातच, दिवसाच्या मध्यावर, बसवला पाहिजे. मोठ्या निधीची वाट न पाहता प्राचार्य आणि क्रीडाशिक्षक हे याच सत्रापासून करू शकतात. आणि ते झाले तर या मुली विभागीय स्पर्धेत केवळ सहभागी म्हणून नव्हे, अजिंक्यपदाच्या दावेदार म्हणून उतरतील, अशी लेखिकेची ठाम धारणा आहे.